तांदळात कुणाचं नाव लिहायचं?

(पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे.)

ताई, स.न.वि.वि.

माझं वय ५८. दोन मुलगेच. थोरल्याचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुलगी २९ वर्षांची, वकील, बोलायला गोड, आम्हाला सगळ्यांना आवडली. मागच्या महिन्यात बैठक झाली. देणंघेणं काही नाहीच, म्हणून गप्पाच चालल्या होत्या. त्यात मी सहज म्हटलं, ‘‘तांदळात लिहायला नाव मी काढून ठेवलंय हं.’’ तर ती हसून, पण स्पष्ट म्हणाली, ‘‘काकू, नाव नको बदलायला. आडनावही माझं आहे तेच राहू दे.’’ सगळ्यांसमोर! तिच्या आईने घाईघाईने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. माझा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

तेव्हापासून घरात हाच विषय. यजमान म्हणतात, आत्ता ताणू नकोस, लग्न झालं की आपोआप बदलेल. नणंद म्हणते, आत्ता सोडलंस तर पुढे काहीच ऐकायची नाही. जाऊ म्हणते, लोक नावं ठेवतील.

मी जुन्या वळणाची नाही हो. तीस वर्षं नोकरी केली. माझंही नाव बदललं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तक्रारही केली नाही. आणखी एक सांगते. तिच्यासाठी मी जे नाव काढलंय, ते मला मुलगी झाली असती तर तिचं ठेवायचं होतं. इतकी वर्षं मनात आहे. ते कोणतं हेसुद्धा न ऐकता तिने नको म्हटलं, याचं जास्त लागलं. माझं काही चुकतंय का?

— एक होऊ घातलेली सासू

ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी खालची सही पुन्हा पाहिली. माहेरचं एक नाव, सासरचं एक नाव, अशी दोन नावं असलेली बाई, आणि पत्राखाली एकही नाही. सदरासाठी नाव लपवलंत हे कळतं मला. पण विषयच नावाचा असल्यामुळे डोळ्यात भरलं, एवढंच.

तुम्ही नोकरी केलेल्या आहात, तेव्हा निकाल आधी सांगते, कारणं मागून. नाव बदलू नका. पहिलंही नाही, आडनावही नाही. आणि तुम्हाला लागलं, ते चुकीचं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सुरुवात कागदांपासून करते, कारण त्यांचा मला स्वतःला चांगलाच प्रसाद मिळालाय. माझंही नाव लग्नात बदललं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पदवीवर एक बाई, रेशनकार्डावर आणि बँकेत दुसरी. बरीच वर्षं दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या. मग एका कामासाठी दोन्हीकडचे कागद एकत्र जोडायची वेळ आली आणि खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘ही दुसरी बाई कोण?’’ मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, पुरावा? मग स्टॅम्पपेपर, नोटरी, ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं प्रतिज्ञापत्र. स्वतःची ओळख पटवायला मला दोन साक्षीदार लागले. घरी येऊन आधी खूप हसले, आणि मग अजिबात हसू येईना.

तुमची सून वकील आहे. बार कौन्सिलच्या सनदेवर तिचं आजचं नाव आहे, प्रत्येक वकीलपत्रावर ते आहे, आणि अशील ज्या नावाने तिला शोधत येतो तेही तेच. एलएल.बी.ची पदवी, पॅन, आधार, पासपोर्ट, बँक, विमा, असला तर भविष्यनिर्वाह निधी, सगळं त्या एका नावाला बांधलेलं आहे. फक्त आडनाव बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर बरंच भागतं. पहिलं नावच बदललं तर साधारणपणे राजपत्रात छापून आणावं लागतं, आणि मग त्या छापील पानाच्या प्रती घेऊन एकेक दार ठोठवायचं. आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एवढं सगळं करून पदवीवर जुनंच नाव राहतं ते राहतंच, म्हणजे राजपत्राचं ते पान जन्मभर फाइलमध्ये जपून ठेवायचं. बदल एकदाच होतो, पण त्याचं स्पष्टीकरण दर काही वर्षांनी द्यावं लागतं. आणि ते द्यायला ना तुम्ही रांगेत उभ्या असणार, ना तुमचे चिरंजीव.

लग्नानंतर बाईने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. पासपोर्टसाठीही ते लागत नाही. हे मी तुम्हाला सांगतेय, पण खरं तर तुमच्या यजमानांसाठी लिहितेय. ‘आपोआप बदलेल’ म्हणतात ना, ते आपोआप काहीच बदलत नाही. कुणीतरी फॉर्म भरतं आणि कुणीतरी सही करतं. लग्न होईपर्यंत गप्प बसायचं आणि नंतर हळूच विषय काढायचा, या बेतात मला नावापेक्षा मोठी गडबड दिसते. मुलीने बैठकीतच सांगितलं. लपवून ठेवून नंतर तोंडघशी पाडलं नाही. तिच्या प्रामाणिकपणाला तुमच्या घरातून पहिलं उत्तर ‘बघू नंतर’ असं जाऊ नये असं मला वाटतं. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता रीतीबद्दल. रीत वाईटच होती असं म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण ज्या काळात ती आली त्या काळात तिला अर्थ होता. कल्याणची, १८६५ साली जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन गोपाळराव जोशांच्या घरी आली आणि आनंदी झाली. पुढे १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली, ते या सासरच्या नावाने. त्याच सुमाराची दुसरी यमुना, कुर्लेकरांची. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि ती रमा झाली. आपण तिला रमाबाई रानडे म्हणून ओळखतो. नऊ आणि अकरा वर्षं, ताई! ज्या वयात मुलगी परकर सावरत धावते त्या वयात नाव बदललं. तेव्हा तिच्या नावाचा कागद कुठे होता? हाक मारणारी माणसं बदलली, म्हणून हाक बदलली. घर मोठं, त्यात आधीच एक यमुना नणंद असली तर एका हाकेला दोघी धावणार. सासूचं किंवा आजेसासूचं तेच नाव असलं तर ते मोठ्याने घ्यायचं कसं, हाही पेच. सून त्या घरात जवळजवळ वाढायलाच यायची, आणि घर आपल्या सोयीने तिला नाव द्यायचं.

तुमच्याकडे येतेय ती २९ वर्षांची बाई. ती वाढून, शिकून, कमवून येतेय. रीत तीच असली तरी जिच्यासाठी ती होती ती नऊ वर्षांची मुलगी आता नाही.

आणखी एक आठवण. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. त्यांचंही नाव बदलून आनंदी ठेवलं. पण आज त्यांना कुणी आनंदीबाई म्हणून पटकन ओळखत नाही. सगळ्यांच्या तोंडी ‘बाया कर्वे’. ठरवून, विधी करून ठेवलेलं नाव मागे पडलं आणि मायेने पडलेलं टिकलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या नणंदबाईंची भीती वेगळीच आहे. त्यांना वाटतं नाव दिलं नाही तर सून ‘आपली’ होणार नाही. हक्काची हाक लागते, मान्य. पण ती तांदळात लिहून येत नाही. घरात दोन दिवाळ्या झाल्या, एकदा तुम्ही आजारी पडलात, एकदा ती रडली, की कुणाच्या तरी तोंडून आपसूक काहीतरी निघतं आणि तेच चिकटतं. तेवढी वाट बघा.

नणंदबाईंचा दुसरा मुद्दा म्हणजे ‘आत्ता सोडलंस तर पुढे ऐकायची नाही.’ ऐकणं म्हणजे नेमकं काय, ते त्यांना एकदा विचारा. मला त्यावर यापेक्षा जास्त शाई घालवायची नाही.

जाऊबाई म्हणतात लोक नावं ठेवतील. आपली भाषा किती खट्याळ आहे बघा! नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे उणीदुणी. बदललं तरी ठेवतील. ‘किती जुनाट नाव काढलं’, ‘हे तर त्यांच्या मोलकरणीचं नाव’, ‘नवऱ्याच्या नावाशी जुळत नाही’, हे सगळं मी मांडवात माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. लोकांना विषय हवा असतो. तो त्यांना जेवणावरूनही मिळेल.

आडनावाबद्दल तुमच्या घरात कुणीतरी हुशार माणूस म्हणेलच, ‘‘आत्ताचं आडनाव तरी कुणाचं? बापाचंच ना? मग नवऱ्याचं लावायला काय झालं?’’ या युक्तिवादाला मी अर्धे गुण देते. आडनाव बापाकडून आलं हे खरं. पण तिच्याकडे २९ वर्षं राहून ते आता तिचं झालंय, जसं तुमच्या मुलाचं त्याच्याकडे राहून त्याचं झालं. त्याचंही बापाकडूनच आलं होतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

घर एका आडनावाने बांधलेलं राहतं, हे तुमच्या मनात असेल तर तेही समजू शकते. दारावरच्या पाटीचा प्रश्न येतो. पाटीवर दोन आडनावं लावा. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराची सोय होते, आणि आजकाल जिन्यातून जाताना अशा पाट्या दिसतात, कुणी थबकत नाही. पुढे ‘मुलांचं आडनाव काय’ असा प्रश्न येईल. तो त्या दोघांचा. आत्ता, लग्नाच्या साड्या घेता घेता, तो सोडवायचं काही कारण नाही.

मुलांवरून आठवलं, आजी व्हायची हौस असेलच तुम्हाला, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांची नावं सरकारी कागदांवर लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे तुमच्या नातवंडाच्या शाळेच्या दाखल्यात तुमच्या सुनेचं नाव मधोमध बसणार. ते नाव तिच्या सनदेवरच्या, आधारवरच्या नावाशी जुळायला हवं की नको? घरात ‘अमुक’ आणि कागदावर ‘तमुक’ अशी आई असली, तर तुमच्या नातवालाही कधीतरी खिडकीपलीकडून ऐकावं लागेल, ‘‘ही दुसरी बाई कोण?’’

तांदूळ मात्र सोडू नका. त्या विधीला तिने नाही म्हटलेलं नाही, नाव बदलायला म्हटलंय. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरा, अंगठी मुलाच्या हातात द्या आणि त्याला तिचं आहे तेच नाव लिहू द्या. कितीतरी घरांत हल्ली असंच करतात. पेढेही वाटा. नवऱ्याने बायकोचं नाव सगळ्यांसमोर, सोन्याने, सावकाश, कानामात्रा न चुकता लिहावं, यात मला तर गोडवाच दिसतो. आपल्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाण्यात लपवून घ्यायची सोय केली, आणि तिचं स्वतःचं मात्र ताटात पुसून टाकलं. त्याला लिहू दे. तेवढा वेळ मोबाइल खिशात राहील हाही फायदा.

हो, त्या मोबाइलबद्दल. बैठकीत तुम्ही दोघी बोलत होतात आणि ज्याच्या लग्नाची बैठक, तो स्क्रीनवर बोट फिरवत होता. ती नाव बदलणार नाही हे त्याला आधी माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. माहीत असेल तर त्याने तुम्हाला आदल्या रात्री घरात सांगायला हवं होतं. तुमचा अपमान झाला असं वाटत असेल, तर त्यातला मोठा वाटा त्याच्या गप्प बसण्याचा आहे. तिने एक वाक्य बोललं तेही हसून. तुम्ही दोघी एकमेकींवर रुसून बसाल आणि तो आयुष्यभर ‘मला तुमच्या भांडणात ओढू नका’ म्हणत सोफ्यावर बसेल, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिलंय की मला त्याची पुढची वाक्यंसुद्धा पाठ आहेत. त्याला आजच बसवा आणि सांगा, की यापुढे तिच्या बाजूचं जे काही असेल ते तू आधी मला सांगायचंस, आणि माझ्या बाजूचं तिला. नाव राहिलं काय आणि बदललं काय, ही सवय त्याला आत्ता लागली नाही तर पुढे लागणार नाही.

मग तिला फोन करा. तुम्हीच करा, मुलामार्फत नको आणि तिच्या आईमार्फत तर नकोच. लांबलचक बोलू नका. ‘‘त्या दिवशी मी न विचारता बोलले. तुझं नाव तुझंच राहील, तांदळातही तेच लिहू,’’ एवढं पुरे. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण घरात आम्ही अमुक म्हणू’ असं शेपूट लागलं, की आधीचं सगळं फुकट जातं. ती बहुधा क्षणभर गप्प होईल. तिची तयारी भांडणाची असेल आणि भांडण आलंच नाही, तर माणूस गोंधळतो. गोंधळू द्या.

आणि आता ते नाव. इतकी वर्षं मनात ठेवलेलं.

ताई, इथे मी जरा थांबले. कारण तुम्ही सुनेसाठी नाव काढलंच नव्हतं. न झालेल्या मुलीचं नाव तुम्ही कुणाला तरी द्यायला निघालात, आणि ती देण्याची जागा रीतीने तुम्हाला आयती मिळाली. तिला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. तिने ऐकलं ते इतकंच, की माझं नाव पुसायचं ठरलंय. तुम्ही ऐकलं ते असं, की माझी मुलगी हिला नको. दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतात, आणि मध्ये पोह्यांच्या बशा आल्या.

‘ते नाव नातीसाठी राखून ठेवा’ असं मी मुळीच म्हणणार नाही. तो पुढच्या बैठकीचा तंटा होईल. पण कधीतरी, लग्नाच्या आधी किंवा नंतर, खरेदीवरून परतताना गाडीत किंवा स्वयंपाकघरात दोघीच असताना, तिला ते नाव सांगा. ठेवायला नको, नुसतं सांगायला. कुठून सुचलं, कधी सुचलं, धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात तुम्ही ते मनाशी म्हणून बघत होतात का, जे असेल ते. त्याच बैठकीत तुमचं माहेरचं नावही तिला सांगून टाका. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तक्रार केली नाही. मी विचारते, आता ते नाव कोण घेतं? आई-वडील गेले असतील, तर एखादा भाऊ, एखादी शाळेतली मैत्रीण? कुणीच नसेल, तर निदान आणखी एका माणसाला ते ठाऊक असू दे.

तिला यातलं काय झेपेल, काय नाही, मला सांगता येणार नाही. ती वकील आहे, कदाचित तीच उलटतपासणी घेईल. घेऊ द्या.

एक छोटं काम राहिलं. मार्गशीर्ष म्हणजे पत्रिका लवकरच छापायला जाईल. चि. सौ. कां. च्या पुढे तिचं नाव येईल. त्यातली वेलांटी पहिली की दुसरी, तिच्या सनदेवर कशी आहे, हे छापणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. फोन करालच तेव्हा तिलाच विचारून घ्या.